परतीच्या वेळेपासून उलटं मोजायचं: क्रूझच्या बंदरावरून मायांच्या अवशेषांपर्यंत

पश्चिम कॅरिबियनची सात दिवसांची क्रूझ घेतली की जहाज एक-दोन दिवस तरी मायांच्या, म्हणजे मेक्सिको-बेलीझकडच्या प्राचीन माया संस्कृतीच्या, मुलखात थांबतं. कोसुमेल, कोस्टा माया, बेलीझ सिटी, प्रोग्रेसो यांपैकी कुठेतरी. अवशेष बघायची सहल जहाजावरच्या काउंटरवर मिळते, ती चाळीस-पन्नास माणसांच्या बसची. तीच जागा बंदराबाहेरच्या स्थानिक चालकाकडून ठरवली तर बारा-पंधरा जणांची व्हॅन मिळते, गाईडला प्रश्न विचारायला उसंत मिळते आणि पैसेही बरेच कमी पडतात. फरक एकाच गोष्टीचा. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, आपली व्हॅन अडकली तर जहाज निघून जातं. त्यामुळे स्वतः बुकिंग करताना सगळा हिशेब ऑल अबोर्डच्या, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतलेलं असायच्या, वेळेपासून सुरू करून मागे यायचं. सकाळपासून पुढे मोजायला गेलं की गणित चुकतं.

ऑल अबोर्ड म्हणजे जहाज सुटायची वेळ नव्हे. ती साधारण अर्धा तास आधीची असते, कधी त्याहून आधीची. आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या पत्रकावर किंवा जहाजाच्या ॲपवर जी वेळ छापलेली असते तीच खरी. सहा महिन्यांपूर्वीच्या बुकिंगमधली वेळ दाखवून गोदीवर वाद घालता येत नाही.

आता घड्याळ. लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. कोसुमेल आणि कोस्टा माया ही बंदरं किंताना रू राज्यात आहेत. या राज्याने २०१५ साली आपलं घड्याळ बदललं आणि तेव्हापासून तिथे वर्षभर एकच वेळ चालते, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात असते ती. शेजारचं युकातान राज्य, म्हणजे प्रोग्रेसो बंदर आणि चिचेन इत्झाचे माया अवशेष, वर्षभर त्याच्या तासभर मागे. बेलीझही तसंच. अमेरिकेत मात्र मार्च ते नोव्हेंबर घड्याळ तासभर पुढे केलेलं असतं. म्हणून मायामीहून उन्हाळ्यात निघालेलं जहाज आपलीच वेळ पाळत असेल तर कोसुमेलचं घड्याळ त्याच्या एक तास मागे असतं आणि बेलीझचं दोन तास. दुकानातल्या घड्याळात चार वाजलेले बघून निवांत बसलेल्या माणसाच्या जहाजावर पाच वाजलेले असतात. टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनहून हिवाळ्यात निघालं तर कोसुमेलला गंमत उलटी होते. तिथलं घड्याळ जहाजाच्या एक तास पुढे असतं, संध्याकाळी धोका नसतो, पण सकाळची नऊची व्हॅन जहाजाच्या आठलाच निघून जाते. काही जहाजं बंदरागणिक वेळ बदलतात, काही बदलत नाहीत. म्हणून चालकाला मेल करताना पहिलाच प्रश्न हा: तुमची नऊची वेळ स्थानिक की जहाजाची? उत्तर लेखी घ्यायचं. मोबाईल किनाऱ्यावरचा टॉवर पकडून आपणहून वेळ बदलतो, तेव्हा मनगटावर साधं घड्याळ बांधून ते जहाजाच्या वेळेला लावलेलं बरं.

बुकिंग आम्ही दोन-तीन महिने आधी करतो. त्याहून आधी केलं तर जहाजांची वेळापत्रकं बदलतात, आणि फार उशिरा केलं तर मोजक्या चांगल्या गाईडच्या व्हॅन भरलेल्या असतात. मेलमध्ये जहाजाचं नाव, तारीख, बंदरात पोचायची आणि सुटायची वेळ, माणसं किती, वयं काय, एवढं पहिल्या फटक्यात लिहून टाकायचं. जहाजाचं नाव न चुकता लिहावं, कारण एकाच दिवशी तीन-चार जहाजं लागतात आणि कोसुमेलसारख्या ठिकाणी ती वेगवेगळ्या गोदींवर लागतात. त्यांच्या उत्तरात चार गोष्टी शोधायच्या. जहाज बंदरात लागलंच नाही तर पूर्ण पैसे परत मिळणार का. अवशेषांचं प्रवेश तिकीट दरात धरलंय का. व्हॅनमध्ये जास्तीत जास्त किती माणसं. आणि आपल्याच जहाजाची माणसं असतील की दुसऱ्या जहाजाचीही. शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, पण सकाळची खोटी त्याच्यामुळेच होते. दुसरं जहाज पाऊण तास उशिरा लागलं की आपली व्हॅन त्यांच्यासाठी उभी राहते, आणि तो पाऊण तास शेवटी अवशेष बघण्याच्या वेळेतूनच कापला जातो.

जहाज बंदर चुकवतं हे काही क्वचित घडणारं नाही. कोस्टा मायाची गोदी उघड्या समुद्रात आहे, वारा चढला की कप्तान लांबूनच राम राम करतो. बेलीझ सिटीला जहाज किनाऱ्याला लागतच नाही, छोट्या बोटींतून माणसं न्यावी लागतात आणि समुद्र खवळलेला असला की त्या बोटी बंद. हिवाळ्यात मेक्सिकोच्या आखातातून उत्तरेचे थंड वारे येतात, तिथे त्यांना ‘नोर्ते’ म्हणतात. नोर्ते सुटला की प्रोग्रेसोचा थांबा जातो आणि कोसुमेलहून मुख्य भूमीवर जाणारी फेरी बोटही बंद पडते. म्हणून पूर्ण रक्कम आधी मागणाऱ्यापेक्षा थोडी अनामत घेऊन बाकी रोख त्या दिवशी घेणारा चालक आम्हाला जवळचा वाटतो. ‘जहाजावर परत पोचवण्याची हमी’ हे शब्द सगळ्यांच्याच जाहिरातीत असतात. त्यांचा नेमका अर्थ विचारून घ्यावा. काही जण चुकलेल्या माणसाला पुढच्या बंदरावर पोचवायचा खर्च देतात, काही फक्त तिकिटाचे पैसे परत करतात. एकाच्याही हमीने जहाज मात्र थांबत नाही.

सगळ्यात सोपं बंदर कोस्टा माया, आणि पहिल्यांदा स्वतः बुकिंग करणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. इथले अवशेष चाक्चोबेनचे. जहाजातून उतरलं की लांबलचक धक्का चालून आत यायचं, मग दुकानं, बार आणि पोहण्याचा तलाव. बाहेरची वाट मुद्दामच दुकानांच्या मधून काढलेली आहे. स्वतंत्र चालकांच्या गाड्या आत येत नाहीत, त्या बंदराच्या आवाराबाहेर उभ्या असतात. चालकाने नकाशा आणि फोटो पाठवलेले असतात, ते जहाजाचं वायफाय सुटण्याआधी मोबाईलमध्ये उतरवून ठेवायचे. वाटेत गळ्यात पट्ट्या घातलेली माणसं ‘चाक्चोबेन? चाक्चोबेन?’ करत हात धरून नेतात. त्यातला एखादा तर आपण ज्याच्याकडे जातोय त्याचंच नाव सांगतो. पावती आणि चालकाच्या हातातल्या पाटीवरचं नाव जुळल्याशिवाय कुणाच्या मागे जायचं नाही. जहाजापासून व्हॅनपर्यंत रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सोबत सत्तरीचे आई-वडील असतील तर पस्तीस धरा.

बंदराशेजारच्या माहावाल गावातून ३०७ क्रमांकाच्या महामार्गापर्यंत पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा सरळसोट रस्ता आहे, दोन्ही बाजूंना खुरटं जंगल. तिथून पुढे थोडं गेलं की चाक्चोबेन, एकूण तासाभराचा प्रवास. माहावालला जायला-यायला हा एकच रस्ता आहे, हे लक्षात ठेवायचं. एखादा ट्रक आडवा झाला किंवा लष्कराच्या तपासणी नाक्यावर रांग लागली तर वळसा घालून जायची सोय नाही. म्हणून हिशेब असा: ऑल अबोर्ड साडेचार. त्यातून तासभर राखीव काढला, साडेतीन. धक्का चालायला अर्धा तास, तीन. रस्त्याचा एक तास, दोन. म्हणजे अवशेषांवरून दोनला निघालं तरी चालतं. पण व्हॅन नऊ-सव्वानऊला निघाली तर साडेदहाच्या आत आपण फाटकावर असतो आणि जागा बघायला सव्वा तास पुरतो. बारापर्यंत निघायचं. उरलेला वेळ माहावालच्या समुद्रावर घालवावा, जहाज डोळ्यांसमोर दिसत असतं.

चाक्चोबेन आटोपशीर आहे. १९७२ साली पीटर हॅरिसन या पुरातत्त्वज्ञाने त्याचा नकाशा केला, त्याला मूळ नाव सापडलं नाही म्हणून शेजारच्या गावाचं नाव दिलं. फाटकातून आत गेल्यावर आधी लागतो तो ‘मंदिर २४’ नावाचा पिरॅमिड. त्याचे कोपरे नीट बघा. काटकोनात नाहीत, गोलसर वळवलेले आहेत. ही ग्वातेमालातल्या पेतेन भागाची धाटणी, म्हणजे बांधणाऱ्यांचा संबंध दक्षिणेकडे होता. पुढे पायऱ्यांनी चढून ‘ग्रान बासामेंतो’ या भल्यामोठ्या चौथऱ्यावर जायचं. तिथे गवती छपराखाली मूळ गिलावा राखलेला आहे, त्यावर लाल रंगाचे डाग अजून टिकलेत. सगळा पिरॅमिड एके काळी असा लाल होता, हे त्या हातभर तुकड्याजवळ उभं राहिल्यावर कळतं. घाईतले गट नेमकं हेच सोडून पुढे जातात. पायऱ्यांना कठडा नाही. पावसानंतर चुनखडीवर शेवाळ धरतं आणि चप्पल हमखास घसरते, तेव्हा पकड असलेले बूट हवेतच. डास भरपूर. मलम व्हॅनमध्येच लावून घ्यावं. स्वच्छतागृह फक्त फाटकाशी.

कोसुमेलचं प्रकरण वेगळं. कोसुमेल हे बेट आहे आणि तुलुमचे प्रसिद्ध अवशेष मुख्य भूमीवर. मध्ये फेरी, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची. जहाज पुंता लांगोस्ता गोदीला लागलं तर फेरीचा धक्का चालत गाठता येतो. इतर दोन गोदी गावाच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर आहेत, तिथून टॅक्सी. जहाज आठला लागलं तर उतरून साडेआठ, टॅक्सीने पावणेनऊ, नऊची फेरी, पावणेदहाला मुख्य भूमीवरचं प्लाया देल कार्मेन. तिथून व्हॅनने तास-सव्वा तास, अकराला तुलुम. वाहनतळापासून अवशेषांच्या फाटकापर्यंतचं अंतर बरंच आहे, पंधरा-वीस मिनिटं धरावीत. तिकिटाची रांग धरून जेमतेम दीड तास जागेवर, एकला परत. अडीचची फेरी, सव्वातीनला बेट, पावणेचारला जहाज. ऑल अबोर्ड साडेचारचं असेल तर जमतं, पण त्यात पाऊण तासाचीच सवलत आहे. याच दिवसात ‘तुलुम, कोबा आणि सेनोते’ (कोबा म्हणजे आणखी एक अवशेषस्थळ, सेनोते म्हणजे चुनखडीतलं नैसर्गिक कुंड) असं तिन्ही देऊ करणाऱ्याला हात जोडावेत. चिचेन इत्झा कोसुमेलहून करू नये, एका बाजूचेच तीन तासांहून जास्त होतात आणि वाटेत राज्य बदलून घड्याळही बदलतं.

तुलुममध्ये एक गोष्ट आधी माहीत असावी. एकच तिकीट काढून आत जाता येत नाही. पुरातत्त्व खात्याचं वेगळं आणि राष्ट्रीय उद्यानाचं वेगळं अशा पावत्या पाठोपाठ फाडाव्या लागतात. चालकाने ‘तिकीट धरून’ म्हटलं असेल तर कोणकोणतं, हे विचारायचं. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्या आत नेऊ देत नाहीत, धातूची बाटली न्यावी. समुद्राच्या कड्यावर वाऱ्यात उभी असलेली ती वास्तू, एल कास्तीयो, सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असते. खुद्द मंदिरांत चढायला मनाई आहे. अकरानंतर गर्दी आणि ऊन दोन्ही चढतं आणि सावली जवळजवळ नाही. रविवारी मेक्सिकोच्या नागरिकांना पुरातत्त्व स्थळं मोफत असतात, त्यामुळे रविवारी जहाज लागत असेल तर दुप्पट गर्दी गृहीत धरा.

ज्यांना फेरीचा जुगार नको त्यांच्यासाठी कोसुमेल बेटावरच सान हेर्वासिओ आहे. टॅक्सीवाल्याशी जाणं, तिथे दीड तास थांबणं आणि परत आणणं असा एकच दर ठरवायचा आणि पैसे परत आल्यावर द्यायचे. इमारती बुटक्या, तुलुमचा थाट नाही. पण हे इश्चेल देवीचं ठाणं. मुख्य भूमीवरून माया स्त्रिया होड्यांतून समुद्र ओलांडून इथे यायच्या, मूलबाळ व्हावं म्हणून. एका छोट्या घराच्या भिंतीवर लाल पंजांचे ठसे आहेत. आपल्याकडे दाराशी हळदी-कुंकवाचे हात उमटवतात ते बघणाऱ्याला आपसूक आठवतात. आमच्या मते वयस्कर माणसं किंवा लहान मुलं सोबत असतील तर तुलुमच्या धावपळीपेक्षा हे बरं.

बेलीझला अडचण किनाऱ्यावर पोचण्याचीच असते. जहाज काही किलोमीटर दूर नांगरतं आणि तिथून छोट्या बोटीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पहिल्या बोटी जहाजाच्या सहलीवाल्यांना दिल्या जातात, आपण क्रमांकाची चिठ्ठी घेऊन बसायचं. म्हणून व्हॅनची वेळ जहाज नांगरल्यानंतर किमान दीड तासाने ठरवावी, आणि परतीला ऑल अबोर्ड न बघता शेवटच्या बोटीची वेळ बघावी. ती बरीच आधीची असते. इथे तीन ठिकाणं चालतात. ‘अल्तुन हा’ (पूर्ण नावच असं) सगळ्यात जवळ, तासाभरावर, जाऊन-येऊन चार तास. तिथल्या एका थडग्यात १९६८ साली सूर्यदेवाचं जेड या हिरव्या दगडात कोरलेलं डोकं सापडलं, वजन ४.४२ किलो. लामानायला आधी व्हॅन, मग न्यू रिव्हर नदीतून तासाभराची बोट. नदीतला प्रवास अवशेषांइतकाच देखणा, पण दिवस पुरा जातो. शुनानतुनिच दोन तासांवर, ग्वातेमालाच्या सीमेजवळ. तिथे मोपान नदी हाताने चक्र फिरवून ओढायच्या तराफ्यावरून ओलांडावी लागते, गाडीसकट. तराफ्यावर एका वेळी मोजक्याच गाड्या मावतात आणि दोन बसगाड्या पुढे असल्या की अर्धा तास तिथेच जातो. नदीला पूर आला की तराफा बंद. पावसाळ्यात, म्हणजे जून ते नोव्हेंबर, शुनानतुनिच ठरवताना पर्याय म्हणून ‘अल्तुन हा’ लिहून घ्यावं. चढायची हौस असेल तर मात्र बेलीझच. शुनानतुनिचचा चाळीस मीटरचा पिरॅमिड, त्याचंही नाव एल कास्तीयो, चढू देतात, मेक्सिकोतल्या मोठ्या ठिकाणी आता ते बहुतेक बंद झालं आहे.

प्रोग्रेसोची गोदी समुद्रात सहा किलोमीटरहून लांब गेलेली आहे, कारण किनारा फार उथळ. जहाजापासून गावापर्यंत फुकट बस असते. तिथून चिचेन इत्झा दोन तासांवर, उश्मालचे अवशेष दीड तासावर. चिचेनला राज्य सरकारचं आणि केंद्राचं अशी दोन तिकिटं असतात. पिरॅमिडवर चढणं २००६ पासून बंद आहे. गर्दी नकोशी होते. जहाज आठ तास थांबणार असेल तर आम्ही उश्माल निवडू. तिथला ‘जादूगाराचा पिरॅमिड’ लंबगोल पायावर उभा आहे, असा दुसरा बघायला मिळत नाही.

पैशांचं. मेक्सिकोत पेसोलाही तेच डॉलरसारखं चिन्ह लावतात. पाटीवर ‘$२००’ दिसलं की घाबरूही नये आणि डॉलर काढूही नयेत. पुरातत्त्व खात्याच्या खिडकीवर पेसोच चालतात आणि कार्डाचं यंत्र असलं तरी नेटवर्क असेलच असं नाही, म्हणून माणशी तिकिटापुरते पेसो जवळ हवेत. डॉलर द्यायचेच तर कोऱ्या, न फाटलेल्या छोट्या नोटा. कडेला चीर असलेली नोट कुणी घेत नाही. कार्डाच्या यंत्राने ‘डॉलरमध्ये घेऊ का’ विचारलं तर पेसो निवडावेत. भारतातलं कार्ड असेल तर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधीच सुरू करून ठेवावे लागतात, मूळचे ते बंद असतात. बेलीझमध्ये हिशेब सोपा, दोन बेलीझ डॉलर म्हणजे एक अमेरिकन. दर सांगताना मात्र कोणता डॉलर ते विचारावं.

सहलीत जेवण धरलं असेल तर शाकाहारी मंडळींनी ‘सिन कार्ने’ (मांस नको) एवढ्यावर थांबू नये. जेवणात येणारी राजम्यासारखी दिसणारी मऊ उसळ बरेचदा डुकराच्या चरबीत केलेली असते. ‘सिन मान्तेका’ (चरबी नको) हेही सांगावं, तेही आदल्या मेलमध्ये. जहाजावरची फळं आणि सँडविच खाली नेता येत नाहीत, बंद पाकिटातला खाकरा किंवा चिवडा न्यावा.

कागदपत्रांबाबत भारतीय पासपोर्टवाल्यांनी क्रूझच्या आधीच एक बघावं. अमेरिकेबाहेर पाय ठेवला की परत येताना व्हिसा लागतो, आणि तो एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. एच-१बी, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावाल्यांच्या पासपोर्टवरचा शिक्का संपलेला असला तरी मेक्सिकोतून तीस दिवसांच्या आत परतता येतं, ही सवलत बेलीझला लागू नाही. क्रूझच्या मार्गात बेलीझ आहे का, हे त्यासाठीही तपासायचं. बंदरावर उतरताना आम्ही पासपोर्टची प्रत नेतो, मूळ तिजोरीत ठेवतो. अपवाद कोसुमेलहून फेरीने तुलुमला जाण्याचा, तेव्हा मूळ जवळ ठेवतो, कारण तिकडे अडकलं तर पुढच्या बंदरावर विमानाने जायची वेळ येऊ शकते. जहाजाच्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. त्याचा फोटो काढून ठेवायचा. उशीर होतोय हे दिसल्याबरोबर, चुकल्यावर नव्हे, त्या नंबरावर फोन करायचा.

व्हॅनमधून उतरताना गाईड आणि चालकाला बक्षिसी वेगवेगळी द्यावी, एकाच्या हाती दिलेली दुसऱ्यापर्यंत पोचतेच असं नाही. धक्क्यावर जहाजाचं कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र दोन्ही दाखवावी लागतात, जहाजात शिरताना पिशव्या क्ष-किरणातून जातात. अवशेषांच्या फाटकाशी विकतात ती काळ्या ज्वालामुखी काचेची सुरी तिथे काढून घेतात आणि क्रूझ संपताना परत देतात. पावती मागून घ्यावी.